वहीतल्या वाकड्या रेघांची गोष्ट

आपल्या गटांतल्या काही जणींच्या मुली तालुक्याच्या कॉलेजात ऑफिसच्या कामाचा कोर्स करतात. त्यांच्या वह्यांत अक्षर कमी आणि वाकड्या रेघा, टिंबं, आकडे फार. ‘एवढी फी भरली ती या गिचमिडासाठी का?’ असा प्रश्न मागच्या बैठकीत आला होता. म्हणून आज त्या रेघांचा, म्हणजे लघुलिपीचा, इतिहास सांगणार आहोत. ऑफिसात हिला शॉर्टहँड म्हणतात.

माणूस बोलतो भराभर आणि हात चालतो हळू. ही अडचण जुनीच. रोममध्ये दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरो नावाच्या पुढाऱ्याची भाषणं टिपायला त्याच्या टायरो या गुलामाने खुणांची लिपी वापरली, असं सांगतात. आपल्या मुली शिकतात ती पद्धत मात्र इंग्लंडच्या आयझॅक पिटमनची. तो शिक्षक होता. १८३७ साली त्याने एक लहानसं पुस्तक काढलं, आणि पुढे पोस्टाने धडे पाठवून लोकांना घरबसल्या शिकवलं.

त्याची युक्ती अशी, की शब्द कसा लिहितात ते बघायचं नाही, कसा ऐकू येतो ते बघायचं. प्रत्येक आवाजाला एक रेघ. प आणि ब यांची रेघ एकाच तिरक्या दिशेची. प बारीक, ब जाड. ट-ड, च-ज, क-ग या जोड्याही तशाच. आपली बाराखडी मुळातच आवाजावर बांधलेली, त्यामुळे ही पद्धत मराठीत आणता आली. जाड-बारीक नीट उमटावं म्हणून मऊ शिशाची पेन्सिल लागते. बॉलपेन इथे कामाचं नाही.

काना-मात्रा मात्र वेगात लिहायला वेळ नसतो. मग ‘माल’, ‘मूल’, ‘मोल’, ‘मेल’ या सगळ्यांत उरतं काय? म आणि ल. रेघ ओळीच्या वर काढली, ओळीवर काढली की ओळीला छेदून, यावरून थोडा अंदाज येतो. बाकीचं मागचं-पुढचं वाक्य पाहून ओळखायचं. म्हणून आमच्या मते लिहिण्यापेक्षा लिहिलेलं परत वाचणंच अवघड. ज्या मुलीला भाषा येत नाही, तिच्या हाताला कितीही वेग असला तरी तिला मालाचं मोल लागायचं नाही.

आणि चूक झाली तर? १९१६ सालचं उदाहरण घ्या. लोकमान्य टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगरला स्वराज्यावर मराठीत भाषणं केली. सरकारच्या लघुलेखकांनी ती टिपली, त्यांचं इंग्रजी झालं आणि त्यावरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून वर्षभर नीट वागण्याबद्दल वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागितला. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. एखादा शब्द वेगळा काढून नव्हे, सगळं भाषण एकत्र वाचून अर्थ लावायचा, असं न्यायाधीशांनी म्हटलं आणि नोव्हेंबरात तो हुकूम रद्द केला. टिपणारा सरकारचा माणूस होता, तरी वाक्यं पुरती टिपलेली असल्यामुळेच ती पुरती वाचता आली, असं आम्हाला वाटतं.

बायकांचा संबंध इथून पुढे येतो. आधी ऑफिसातले कारकून पुरुषच असत. टाइपरायटर आला, त्याला शॉर्टहँडची जोड मिळाली आणि इंग्लंड-अमेरिकेत मुलींना ऑफिसचं दार उघडलं. मुंबईतही पारशी, ख्रिस्ती, गोव्याकडच्या मुली स्टेनो म्हणून कामाला लागल्या. साहेबाने बोलायचं आणि बाईने लिहायचं, ही वाटणी काही आम्हाला फार आवडणारी नाही. पण महिन्याचा पगार स्वतःच्या हातात आला, हे लहान नव्हतं.

ते सगळं काम इंग्रजीत चाले. महाराष्ट्र राज्य झालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि सरकारी कामाला मराठी लघुलेखक लागू लागले. आपल्याकडच्या मुलींसाठी खरा बदल हा. विधानभवनात आमदारांचं भाषण शब्दन् शब्द टिपणारे प्रतिवेदक असतात. सरकारी नोकरीत लघुटंकलेखकाला मिनिटाला ८० शब्द, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणीला १२० शब्दांचा वेग लागतो. परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. टायपिंगचं प्रमाणपत्रही सोबत लागतं.

‘आता मोबाइलच सगळं टिपतो, मग हे कशाला?’ असं मुलीसुद्धा विचारतात. मोबाइल आवाज ठेवतो, खरं आहे. पण चार बाया एकदम बोलल्या की कोण काय म्हणालं ते ऐकून वेगळं करावंच लागतं. आपलंच इतिवृत्ताचं रजिस्टर उघडून बघा. दोन तास पाण्यावर भांडण झालं, कोणी टँकरचा हिशेब मागितला, कोणी नळाचा. आणि वहीत एक ओळ: ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ हिशेब कोणी मागितला होता, ते पुढच्या वर्षी कुठून काढणार? या मुलींपैकी एखादीला बैठकीत लिहायला बसवावं, असं आम्ही सुचवतो. तिचा सराव होईल, आपलं बोलणं राहील.

आणि सरावाला घरचं माणूस लागतं, कारण कोणी वाचून दाखवल्याशिवाय वेग वाढत नाही. साक्षरता वर्गातून वाचायला शिकलेल्या आयांना हे जमेल. वर्तमानपत्रातले ६० शब्द मोजून पेन्सिलीने खूण करायची, मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि मिनिट संपताना खुणेवर पोचेल अशा बेताने वाचायचं. मग मुलीकडून ते परत वाचून घ्यायचं. ते जमलं की खूण ७० वर सरकवायची.