दिवा लागतो, पंखा फिरतो. पण लॅपटॉप ‘बूट’ होत नाही

पीकविम्यातील ‘बीड पॅटर्न’ २०२० पासून ज्या जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला, त्या बीड जिल्ह्यात जुलै महिना म्हणजे अर्जांचा महिना. मुदत संपत आलेली, सेवा केंद्रासमोर शेतकऱ्यांची रांग आणि नेमका त्याच वेळी टेबलावरचा जुना लॅपटॉप रुसून बसतो. कळ दाबली की दिवा लागतो, पंख्याचा आवाजही येतो, पण पडदा काळाच राहतो किंवा कंपनीचे बोधचिन्ह दाखवून यंत्र तेथेच थबकते. अर्जांची नोंद दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित असते. प्रश्न असतो तो लॅपटॉपमध्येच साठवलेल्या स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा, हिशेबांचा, घरच्या छायाचित्रांचा. दुरुस्तीच्या दुकानात पहिल्याच मिनिटाला ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असे सांगितले जाते आणि ग्राहक मान डोलावतो. खरे नुकसान बहुतेक वेळा या मान डोलावण्याने होते, बिघाडाने नव्हे.

चालू होणे आणि बूट होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दिवा लागला याचा अर्थ मदरबोर्डपर्यंत वीज पोहोचली, एवढाच. त्यानंतर प्रोसेसर मदरबोर्डवरील एका लहान चिपमध्ये कोरलेला कार्यक्रम वाचतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्या यंत्रांत यूईएफआय. हा कार्यक्रम मेमरी, कळफलक, पडदा यांची हजेरी घेतो, मग हार्ड डिस्क शोधतो, तिच्यावरील ठरावीक जागेतून एक छोटा प्रोग्रॅम उचलतो आणि तो प्रोग्रॅम विंडोजला जागे करतो. आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले. ही साखळी कोणत्या कडीशी तुटली ते कळले, की निम्मी दुरुस्ती झाली असे समजावे. त्यासाठी पेचकस लागत नाही. पडद्याकडे नीट पाहावे लागते.

पडदा पूर्ण काळा असेल तर

प्रथम कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र आतून जिवंत आहे आणि दोष केवळ पडद्याचा असू शकतो. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश पडद्यावर तिरका टाकल्यास फिकट चित्र दिसते का ते पाहावे. दिसले, तर पडद्यामागचा प्रकाश गेला आहे, लॅपटॉप नव्हे. दुसरा मॉनिटर किंवा दूरचित्रवाणी संच केबलने जोडूनही खात्री करता येते.

कॅप्स लॉक निपचित असेल, तर चार्जर काढावा, काढता येण्याजोगी बॅटरी असेल तर तीही काढावी आणि चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून ठेवावी. आत साठून राहिलेला विद्युतभार त्यामुळे निघून जातो. मग बॅटरी न बसवता नुसत्या चार्जरवर यंत्र सुरू करून पाहावे. हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण बऱ्याचदा लागू पडतो. बॅटरी फुगलेली दिसली, तर मात्र प्रयोग तेथेच थांबवावेत. फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोचणे वा दाबणे म्हणजे आगीला आमंत्रण.

पुढचा संशयित मेमरी, म्हणजेच रॅम. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि धूळ तर बारमाही. उष्णतेने प्रसरण, रात्री आकुंचन आणि त्यात धूळ, यामुळे खाचेत बसवलेल्या रॅमच्या पट्टीचा संपर्क सैल होतो. वीज पूर्ण तोडून, एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातील स्थितिक वीज घालवून, पट्टी काढावी, तिची सोनेरी कडा मऊ खोडरबराने पुसावी व टक् असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. यंत्र ठरावीक वेळा ‘बीप’ करत असेल किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर ती त्याची सांकेतिक भाषा असते. प्रत्येक कंपनीची ती निराळी असल्याने आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतच अर्थ शोधावा. शेजाऱ्याच्या लॅपटॉपचा अर्थ येथे लागू होत नाही.

बोधचिन्ह दिसते, पुढे काही नाही

येथे सर्वांत सोपी शक्यता सर्वांत उशिरा आठवते. लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय? यंत्र त्यातच विंडोज शोधत बसते. तो काढून पाहावा. त्यानंतरही ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश येत असेल, तर बायोसमध्ये शिरावे. मॉडेलनुसार त्यासाठी एफ-२, एफ-१०, एस्केप किंवा डिलीट ही कळ असते. तेथे हार्ड डिस्कचे नाव दिसते की नाही, हा या संपूर्ण तपासणीतील कळीचा प्रश्न आहे. नाव दिसत असेल, तर डिस्क किमान बोलते आहे. दिसत नसेल, तर ती सैल झाली आहे किंवा निकामी.

तारीख आणि वेळही पाहावी. ती कित्येक वर्षे मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बटण-बॅटरी संपली आहे. बहुधा ती सीआर २०३२ या प्रकारची, तीन व्होल्टची असते. अनेक लॅपटॉपमध्ये मात्र ती वायरसह गुंडाळलेली असते. शिकण्यासाठी मुले पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेली आणि घरचा लॅपटॉप वर्षभर कपाटात राहिला, की मुख्य बॅटरी उतरते आणि तिच्यापाठोपाठ जुन्या यंत्रातील ही बॅटरीही. ती संपली की बायोसमधील मांडणी कारखान्यातील मूळ स्थितीला जाऊ शकते. डिस्कशी बोलण्याची पद्धत ‘एएचसीआय’ऐवजी ‘आयडीई’ किंवा उलट झाली, तर विंडोज सुरू होता होता निळा पडदा दाखवून कोसळते. विंडोजमध्ये काहीही बिघडलेले नसते, डिस्कही ठणठणीत असते; बायोसमधील एक पर्याय बदलला की सारे पूर्ववत. आणि नेमक्या अशाच लॅपटॉपवर विनाकारण फॉरमॅट चालवले जाते.

हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा नियमित आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे. आतील वाचणारे टोक तबकडीवर नीट बसत नसल्याचे ते लक्षण आहे आणि प्रत्येक नवा प्रयत्न तबकडी खरवडण्याची शक्यता वाढवतो. डिस्क शीतपेटीत ठेवण्याचा एक घरगुती उपाय सांगितला जातो. तो करू नये; बाष्प आत साचून उरलीसुरली आशाही संपते. माहिती मोलाची असेल, तर डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेचाच रस्ता धरावा. खर्च मोठा असतो, हे आधीच लक्षात ठेवावे.

विंडोजचे चिन्ह येऊन अडकते

हा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि त्यामागे विजेचा मोठा हात असतो. परळीचे औष्णिक वीज केंद्र ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याने भारनियमनाचे तासन् तास सोसले. पाण्याअभावी २०१३ मध्ये ते केंद्रच बंद ठेवावे लागले होते, हा आणखी एक दैवदुर्विलास. बॅटरी मेलेला जुना लॅपटॉप म्हणजे यूपीएसविना चालणारा संगणकच. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली, की एखादी महत्त्वाची फाइल अर्धवट राहते. विंडोज ज्या पद्धतीने फाइल ठेवते तिच्यात अशा घटनांची नोंदवही असते, पण ती प्रत्येक वेळी पुरी पडत नाही.

विंडोज ७ मध्ये सुरू होतानाच एफ-८ कळ दाबत राहिल्यास ‘सेफ मोड’ मिळतो. विंडोज १० मध्ये सुरुवात लागोपाठ दोन-तीनदा खंडित झाली, की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तेथे ‘स्टार्टअप रिपेअर’, शेवटचे अपडेट काढून टाकणे आणि जुन्या स्थितीकडे परतणे असे पर्याय असतात. सेफ मोडचे महत्त्व १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाला कळले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली, विमानतळांवर हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्याची वेळ आली आणि इलाज होता एक फाइल पुसण्याचा. एकाही यंत्राचा सुटा भाग बिघडला नव्हता.

‘चेक डिस्क’ची आज्ञा मात्र जपून द्यावी. निरोगी डिस्कवर ती उपकारक असते. मरणासन्न डिस्कवर तीच शेवटचा घाव ठरू शकते.

दुरुस्तीआधी माहिती

म्हणून क्रम असा असावा: आधी नक्कल, मग इलाज. दुसऱ्या संगणकावर उबंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी, लॅपटॉप त्यावरून सुरू करावा आणि प्रणाली स्थापित न करता ‘केवळ वापरून पाहा’ हा पर्याय निवडावा. विंडोज बंद असले तरी तिच्या फाइल तेथे दिसतात आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून यूएसबी पेटीत घालणे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते.

जुन्या फिरत्या डिस्कवर झटपट फॉरमॅट झाले, तरी नवे काही लिहिले जाईपर्यंत मूळ माहिती बरीचशी तेथेच असते. एसएसडीवर तशी आशा फार कमी. ती रिकामी झालेली जागा स्वतःहून पुसून टाकते.

मराठी वापरकर्त्यांनी आणखी एक गोष्ट न विसरता उचलावी, ती म्हणजे फॉन्ट. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलिखित केलेली पत्रे, ठराव, हस्तलिखिते आजही असंख्य लॅपटॉपवर आहेत. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा अर्थहीन खच दिसतो. विंडोजच्या फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’ हा कप्पा संपूर्ण उतरवून घेतल्यास हा अनर्थ टळतो. सरकारी कामाच्या डिजिटल स्वाक्षरीची चिंता त्या मानाने कमी: ती यूएसबी टोकनमध्ये असते, लॅपटॉपमध्ये नव्हे, नव्या यंत्रावर केवळ तिचा ड्रायव्हर बसवावा लागतो.

माहिती हाती आली, की डिस्क बदलून एसएसडी बसवणे हा जुन्या यंत्रासाठी सर्वांत लाभाचा खर्च होय. दोष मदरबोर्डमध्येच निघाला, तर मात्र दुरुस्तीचा हट्ट धरू नये. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षा चिप मागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर नाकारते. अशा लॅपटॉपवर लिनक्स उत्तम चालते. मात्र स्वाक्षरीचे टोकन किंवा कार्यालयातील एखादे खास सॉफ्टवेअर तेथे चालेल की नाही, हे आधी तपासून मगच जुनी डिस्क हातावेगळी करावी.