सहा फुटांचा इंच

दिवाळी आली की महाराष्ट्रातल्या अंगणांत किल्ले उभे राहतात. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांतून तट-बुरूज निघतात, उतारावर अळीव पेरले जाते आणि माथ्यावर छत्रपतींची स्वारी विराजमान होते. या किल्ल्यांत पहारेकरी दरवाजाहून उंच असतो आणि वाघ हत्तीच्या बरोबरीचा असतो. पण त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. मोठी गोष्ट लहान करून आपल्या दारात आणावी ही हौस सर्वच देशांतल्या मुलांना असते. इंग्लंडातल्या मुलांनी ती विमानांवर भागवली; मात्र तेथे पहारेकऱ्याला दरवाजाहून उंच होण्याची मुभा नव्हती. त्या छंदाची हकीकत मी आज सांगणार आहे.

या छंदाचा मूलमंत्र म्हणजे एकास बहात्तर हे प्रमाण. आकडा चमत्कारिक वाटतो, पण त्याचे मूळ सरळ आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. तेव्हा सहा फूट उंचीचा वैमानिक या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो, आणि जवळजवळ ३७ फूट पंखविस्ताराचे स्पिटफायर सहा इंचांहून किंचित मोठे होऊन मुलाच्या ओंजळीत मावते. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘स्कायबर्ड्‌स’ नावाच्या लाकडी संचांनी हे प्रमाण रूढ केले. पुढे १९३६ साली ‘फ्रॉग’ या नावाने खेळणी विकणाऱ्यांनी त्याच प्रमाणात सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकचे संच काढले. फ्रॉगची आधीची विमाने खरोखरच उडत; ही नवी नुसती मांडून ठेवायची. म्हणून त्यांचे नाव ठेवले ‘पेंग्विन’, म्हणजे न उडणारा पक्षी! बारसे करणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीशी वाटते.

मग युद्ध आले आणि खेळण्याला काम लागले. १९४२ च्या प्रारंभी अमेरिकेच्या नौदलाने देशातल्या शाळांना हाक घातली, की विमानांच्या ५,००,००० लाकडी प्रतिकृती मुलांनी करून द्याव्यात. प्रमाण तेच, एकास बहात्तर. त्यामागचे गणित असे: ३५ फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. तोफेजवळ उभ्या असलेल्या शिपायाला आकाशातला ठिपका आपला की परका हे क्षणभरात ठरवावे लागते, आणि निर्णय चुकला तर आपल्याच माणसाचा प्राण जातो. म्हणून त्या शाळकरी मुलांना पंखाचा कोन थोडाही चुकवून चालत नव्हते. खेळातल्या अचूकपणावर कोणाचे आयुष्य अवलंबून राहावे, असा प्रसंग इतिहासात क्वचितच आला असेल.

युद्ध संपल्यावर हा छंद घरोघर पोहोचला तो एका कंगवेवाल्यामुळे. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली लंडनमध्ये ‘एअरफिक्स’ कंपनी काढली होती. ती आरंभी हवा भरायची रबरी खेळणी करी, आणि पुढे प्लॅस्टिकचे कंगवे. १९४९ साली तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती केली, तीही मुलांसाठी नव्हे, तर ट्रॅक्टर विकणाऱ्यांसाठी. १९५२ साली वूलवर्थच्या दुकानांसाठी ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा संच निघाला. किंमत दोनच शिलिंग ठेवायची होती. म्हणून खोक्याला फाटा देऊन कागदी पट्टीची साधी पिशवी वापरली. जहाज खपले आणि मागोमाग स्पिटफायर आले.

एवढे स्वस्त कसे परवडे? पॉलिस्टायरीनचे दाणे वितळवून ते दाबाने पोलादी साच्यात सोडतात. थंड होताच एका चौकटीला लटकलेले सगळे भाग बाहेर पडतात. साचा फार महाग, पण एकदा झाला की त्यातून हजारो संच निघतात. आंब्याचे झाड लावण्यासारखेच आहे हे. खर्च आधी, फळे मागाहून.

माझा भाचा असे संच जुळवतो. चौकटीतून भाग कापणे, कडा घासणे, डिंकाचा थेंब सुईच्या टोकाने लावणे, हे सारे तो श्वास रोखून करतो. हा डिंक नुसता चिकटवत नाही. प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवून दोन तुकड्यांचा एकजीव करतो. गेल्या वर्षी त्याने स्टर्लिंग नावाचे चार इंजिनांचे ब्रिटिश बाँबफेकी विमान पुरे केले आणि विचारले, “मामा, खरे स्टर्लिंग कुठे पाहायला मिळेल?”

मला सांगावे लागले, “कुठेच नाही.” अशी २,३०० हून अधिक विमाने बांधली गेली होती; आज जगात एकही संपूर्ण उरलेले नाही. वेस्टलँडच्या व्हर्लविंड या लढाऊ विमानाचीही तीच गत. काही शत्रूने पाडली, काही अपघातांत गेली आणि उरलेली भंगारात मोडली. ज्यांतून माणसे गेली आणि परतली नाहीत, त्या विमानांचा घाट सरकारांनी जपला नाही. तो जपला मुलांनी, कपाटांवर आणि खिडक्यांत.

साच्यांचे नशीबही पाहण्यासारखे आहे. १९७६ साली फ्रॉगचे उत्पादन थांबले आणि तिचे बरेच साचे सोव्हिएत रशियाला गेले. तेथून ‘नोव्हो’ या नावाने जुनेच संच पुन्हा निघाले. जर्मन आणि जपानी विमानांचे साचे मात्र रशियनांनी घेतले नाहीत. ते ‘रेव्हेल’ कंपनीकडे गेले. युद्ध संपून तीस वर्षे झाली होती. पण ज्यांची घरे त्या विमानांनी जाळली, त्यांना ती खेळणी म्हणूनही नकोशी वाटली असतील, तर मी त्यांना दोष देणार नाही. मुलांच्या खोक्यातही इतिहास असा जागा असतो.

तेव्हा वाचकहो, सुट्टीत आपल्या घरातले एखादे कार्टे डिंकाने माखलेली बोटे घेऊन फराळाला उशिरा आले, तर लगेच रागावू नका. आधी त्याने काय जुळवले आहे ते पाहा, आणि ते खरे विमान कोठे गेले हे त्याला विचारा. त्याला ठाऊक नसेल, तर शोधायला सांगा. चकली तोवर थांबेल.