चंद्राचा सातबारा कोणाच्या नावावर?

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील काही विवरांमध्ये सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. तेथे पाण्याचा बर्फ साठलेला असल्याचे संकेत मिळाले आहेत. त्यापासून पिण्याचे पाणी, प्राणवायू आणि रॉकेटचे इंधन मिळू शकत असल्याने भावी मानवी वस्तीच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. मात्र, हा बर्फ उपसण्याचा हक्क कोणाचा, याबाबत राष्ट्रांमध्ये एकमत नाही.

मूळ करार

अवकाशविषयक कायद्याचा पाया म्हणजे १९६७चा बाह्य अवकाश करार. सार्वभौमत्वाचा दावा, वापर वा ताबा अशा कोणत्याही मार्गाने चंद्र व अन्य खगोलीय पिंड कोणत्याही राष्ट्राला आपल्या मालकीचे करता येणार नाहीत, असे त्याचे दुसरे कलम सांगते. खासगी कंपन्यांच्या अवकाशातील कारवायांची जबाबदारीही संबंधित राष्ट्रावरच असते. त्यामुळे चंद्रावरील ‘भूखंडां’च्या विक्रीची प्रमाणपत्रे कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरतात.

खनिजांचा वाद

जमीन कोणाचीही नसली, तरी खणून काढलेल्या खनिजाचे काय, याबाबत हा करार मौन पाळतो. खुला समुद्र कोणाच्या मालकीचा नसला, तरी जाळ्यात आलेली मासळी कोळ्याचीच असते, असा खाणकामाच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे. याच धर्तीवर अमेरिका (२०१५), लक्झेंबर्ग (२०१७) व जपान (२०२१) यांनी कायदे केले. याउलट, १९७९चा चंद्र करार ही संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा मानतो. परंतु अमेरिका, रशिया व चीन त्यात सहभागी नाहीत. सौदी अरेबियाही २०२४मध्ये त्यातून बाहेर पडला.

वस्तीचे नियम

अवकाशात पाठविलेल्या वस्तूची नोंदणी ज्या राष्ट्राकडे असते, त्याचाच अधिकार ती वस्तू व तिच्यातील माणसांवर चालतो. म्हणजेच तळावर त्या राष्ट्राचा कायदा लागू होईल. पण तळाखालची जमीन त्याची होणार नाही. शिवाय, पूर्वसूचना देऊन येणाऱ्या अन्य राष्ट्रांच्या प्रतिनिधींना परस्परतेच्या तत्त्वावर तेथे प्रवेश द्यावा लागेल. २०२०च्या ‘आर्टेमिस’ करारनाम्याने अशा कामांभोवती तात्पुरत्या ‘सुरक्षा क्षेत्रां’ची तरतूद केली आहे. बर्फाच्या जागा मोजक्याच असल्याने ही क्षेत्रे म्हणजे मागील दाराने मिळविलेला ताबा ठरेल, अशी टीकाकारांची भीती आहे.

भारताची भूमिका

भारताने १९८२मध्ये चंद्र करारावर स्वाक्षरी केली. पण त्याला अनुसमर्थन दिले नाही. २०२३च्या भारतीय अवकाश धोरणाने मात्र खासगी कंपन्यांना मिळविलेली अवकाश संपत्ती बाळगण्याची व विकण्याची मुभा दिली. त्याच वर्षी जूनमध्ये भारत ‘आर्टेमिस’मध्ये सामील झाला. अर्थात, धोरण म्हणजे संसदेने संमत केलेला कायदा नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीच्या विधी उपसमितीने २०२१मध्ये या प्रश्नासाठी कार्यगट नेमला. सर्वमान्य नियम होण्यापूर्वीच उपसा सुरू झाला, तर आधी पोहोचणाऱ्यांचा पायंडाच नियम बनण्याची शक्यता आहे.