मिठागरापासून शीतकपाटापर्यंत

पेण-रोह्याच्या वाटेवर माझा एक जुना विद्यार्थी खाणावळ काढीत आहे. घरचें सारें भांडवल त्यानें तींत ओतलें आहे. परवां येऊन विचारूं लागला, "गुरुजी, फ्रीज कसला घेऊं? सर्वांत मोठा घ्यावा म्हणतों." मी इतिहासाचा शिक्षक, यंत्राची पारख मला कोठून असणार? तेव्हां इतिहासालाच विचारून पाहिलें.

पेणच्या खाडीकांठीं पूर्वापार मिठागरें. अन्न टिकविण्याचें आमचें जुनें साधन हेंच. मीठ पदार्थांतील पाणी ओढून घेतें, त्यामुळें जंतूंची वाढ खुंटते. खारवलेली मासळी आणि लोणचीं यांवर घरें पावसाळा काढीत. परंतु ताजी चव त्यांत कोठची?

ती आशा दाखविली बर्फानें. १८३३ सालीं बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें तळ्यांवर गोठलेला बर्फ जहाजानें कलकत्त्यास धाडला. निघतांना १८० टन होता. चार महिन्यांनीं सुमारें १०० टन उरला. पुढें मुंबईसही असा बर्फ येऊं लागला व तेथें बर्फघर उभें राहिलें. ट्यूडरची विद्या एवढीच, कीं बाहेरची उष्णता आंत शिरूं द्यावयाची नाहीं.

आंतली उष्णता बाहेर काढली ती यंत्रानें. जर्मनीच्या कार्ल लिंडे यांनीं १८७६ सालीं अमोनियावर चालणारें शीतयंत्र सिद्ध केलें. द्रवाची वाफ होतांना ती आंतली उष्णता शोषून घेते. दाबून तिचा पुन्हा द्रव केला म्हणजे तीच उष्णता बाहेर पडते. भारतांत गोदरेजनें १९५८ सालीं फ्रीज बनविला.

विद्यार्थ्यास म्हटलें, "अरे, आकाराआधीं दोन गोष्टी पाहा. भिंती जाड आणि दाराचें रबर घट्ट आहे ना, ही ट्यूडरची परीक्षा. बाहेर टाकलेल्या उष्णतेस वाट मोकळी आहे ना, ही लिंडेंची. चुलीशेजारीं, भिंतीला चिकटवून ठेवलास तर मोठा फ्रीजही हरेल. खाणावळींत दार सारखें उघडतें. तरी भर दुपारीं आंतलें तापमान ५ अंशांवर जातां कामा नये. तापमापक ठेव व रोज पाहा. खाडीची हवा खारी, म्हणून पत्रा गंज न धरणारा घे. आणि ध्यानांत असूं दे, थंडी जंतूंना निजविते, मारीत नाहीं. शिळें तेथें ठेवून ताजें होत नाहीं, आणि गिऱ्हाईक तर तुझ्या भरंवशावर जेवतें."

त्यानें एका मोठ्याऐवजीं दोन मध्यम फ्रीज घेतले: एक कच्च्या मासळीस, दुसरा शिजल्या अन्नास. हें मात्र मीं त्याला शिकविलें नव्हतें.