बिनदुधाची पंगत

बदामाचें, सोयाबीनचें, ओटचें असें नाना प्रकारचें दूध हल्लीं शहरांतील दुकानांतून मिळूं लागलें आहे, आणि तरुण मंडळी घरच्या समारंभांत दुधातुपावांचून पदार्थ करूं लागली आहेत. वडील माणसें यास परदेशी खूळ म्हणून हंसतात. तें खूळ आहे कीं नाहीं, याचा निवाडा करण्यापूर्वीं आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडे एकवार पाहावें, एवढीच माझी विनंती आहे.

हें टोक म्हणजे जुना चांदा जिल्हा. १९६४ सालीं त्याचें नांव चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यांतून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. भामरागड, एटापल्लीकडील अरण्यांत माडिया गोंडांची वस्ती आहे. त्यांच्याजवळ गाई होत्या. पण गाय दुभण्याची रीत त्यांच्यांत नव्हती. आंचळांतील दूध वासराचें. तें मनुष्यानें घेणें म्हणजे दुसऱ्याच्या लेंकराचा घांस काढणें, असा त्यांचा साधा न्याय होता. हे लोक शाकाहारी होते असें मात्र कोणीं समजूं नये. शिकार व मासळी त्यांस वर्ज्य नव्हती. परंतु त्यांच्या सणाची पंगत दुधावांचून, दह्यावांचून व तुपावांचून उठत असे, आणि तींत कांहीं उणें आहे असें कोणास वाटत नसे. बाहेरून गेलेल्या पुष्कळांनीं ही रीत अडाणीपणाच्या खात्यांत जमा केली. आज शास्त्र सांगतें कीं, जगांतील बहुसंख्य प्रौढ माणसांत दुधांतील साखर पचविण्याची शक्ति बाळपणानंतर कमी होते. तेव्हां दूध न पिणारा समाज हा अपवाद नसून, पिणाराच कदाचित् अपवाद ठरेल.

दुधाचा स्निग्धपणा या अरण्यांत झाडांवर आहे. चार नांवाच्या वृक्षास उन्हाळ्यांत काळीं फळें येतात. त्यांचा गर खाऊन उरलेल्या बिया फोडल्या म्हणजे चारोळी मिळते. आपण ती बासुंदीवर चिमूटभर पसरतों व विसरतों. परंतु तिच्या दाण्यांत जवळजवळ निम्मा अंश तेलाचा, आणि सुमारें पांचवा अंश प्रथिनांचा असतो. असा दाणा पाण्यांत वाटला कीं तेलाचे सूक्ष्म कण पाण्यांत तरंगत राहतात, प्रथिनें त्यांस एकत्र येऊं देत नाहींत, आणि पाणी दुधासारखें पांढरें दिसतें. सर्व वनस्पतिदुधांचें मर्म एवढेंच आहे.

हें मर्म जगास फार पूर्वींपासून ठाऊक आहे. युरोपांत ख्रिस्ती लोक उपासाच्या दिवसांत गाईचें दूध वर्ज्य करीत, म्हणून १३९० च्या सुमारास इंग्लंडच्या राजाच्या आचाऱ्यांनीं रचलेल्या पाकग्रंथांत बदामाचें दूध पदोपदीं आढळतें. आपल्या कोंकणांत तर नारळाच्या रसावांचून सोलकढी होत नाहीं. चांद्याच्या शेजारीं वर्ध्यास याच विषयाचा विचार झाला. महात्मा गांधींनीं १९१२ सालीं आफ्रिकेंत गाई-म्हशींचें दूध सोडलें. १९१८ च्या दुखण्यानंतर त्यांस शेळीच्या दुधाचा आश्रय करावा लागला, व त्याची खंत त्यांस राहिली. पुढें १९३५ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग झाले, आणि त्यांची हकीकत 'हरिजन' पत्रांत आली.

'दूध' या नांवाचाहि तंटा आहे. २०२१ सालीं आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें वनस्पतींच्या पेयांवर हा शब्द छापूं नये असें फर्माविलें. नारळाचें दूध मात्र रूढ नांव म्हणून वगळलें. पण मराठी शेतकऱ्यास विचारा. त्याचें कणीस पिढ्यान्‌पिढ्या दुधावर येतच आहे!

आतां गृहिणींस उपयोगी असें थोडें सांगतों. एक वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवावे, साली चोळून काढाव्या, बारीक वाटून चार वाट्या पाण्यांत कालवावे व फडक्यांतून पिळावे. हें दूध मंद आंचेवर ढवळीत उकळून घ्यावें. मूठभर चारोळी त्यांत वाटून मिसळली तर खिरीस राजस चव येते. तांदूळ आधीं पाण्यांत मऊ शिजवावे, गूळ निराळा विरघळवावा, आणि दूध शेवटीं घालावें. आंबट पदार्थ पडला कीं तें फाटतें. पंगतीचा उरलेला बेत वैदर्भीय घरांत तयारच आहे: सांभारवडी, पातोड्यांचा रस्सा, भरडा वडे, गोळाभात. यांपैकीं एकासहि दुधाची गरज नाहीं. दोन इशारे मात्र ध्यानांत ठेवावे. सोयाबीनचें दूध चांगलें उकळल्यावांचून घेऊं नये; आणि तान्ह्या मुलास अशा घरगुती दुधावर वाढवूं नये, कारण त्याच्या वाढीस लागणारीं सर्व द्रव्यें त्यांत नसतात.

शेवटीं या पांढऱ्या रसामागील काळी बाजू. बस्तरच्या अरण्यांत, जें गडचिरोलीला लागूनच आहे, एके काळीं व्यापारी मिठाच्या मापास चारोळीचें माप घेत असत. आजहि फळ पिकण्यापूर्वींच तोडण्याची घाई होते, फांद्या छाटल्या जातात, आणि झाड खंगतें. यास उपाय आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं आपल्या अरण्यावरील सामूहिक हक्क मिळाला. जेथें असा हक्क ग्रामसभेच्या हातीं आहे, तेथें फळ केव्हां उतरावें व माल कोणत्या भावानें द्यावा, हें गांवच ठरवूं शकतें.

वासराचें दूध वासरास ठेवणाऱ्या लोकांच्या अरण्यांतून आपली चारोळी येते. बिनदुधाची पंगत दयेच्या नांवानें मांडावयाची असेल, तर दाणा वेंचणाऱ्या हातास त्याचें पुरें मोल पोंचतें कीं नाहीं, हेंहि यजमानानें पाहिलें पाहिजे. वासराच्या घांसाची काळजी करणाऱ्यांच्या लेंकरांचा घांस आपण काढूं नये.