सात मिलिमीटरची गोष्ट



सध्या मुक्काम बेंगळुरूत, बनशंकरीला. आपल्याकडच्या बऱ्याच घरांची कुलदेवता असलेली बनशंकरी ती बदामीजवळची. इथलं देऊळ १९१५ चं, राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावायला होणाऱ्या गर्दीसाठी प्रसिद्ध. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज विषय आपल्या जुन्या साथीदाराचा, रायफलचा.

शेजारी बेळगावकडचे एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांचा मुलगा टेक्सासला असतो आणि हौसेने नेमबाजी करतो. तिकडे बरेच हौशी नेमबाज काडतुसं घरीच भरतात. रिकामी पितळी केस घ्यायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवताच येत नाही, त्यामुळे हा छंद आपल्याला अनोळखी. मुलाने वडिलांना विचारलं, "बाबा, गोळी जरा बाहेर ठेवली की ग्रुप छान येतो, पण मग काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही. फौजेत तुम्ही काय करायचात?" सुभेदारसाहेबांनी प्रश्न माझ्याकडे सरकवला. "साहेब, इतिहासाचं खातं तुमचं."

फौजेत जवान काडतुसाची लांबी ठरवत नाही. पेटी सीलबंद येते. पण ती लांबी कुणीतरी ठरवलेली असते, आणि त्या ठरवण्यात एक भांडण मिटवलेलं असतं.

भांडण असं. काडतूस चेंबरमध्ये बसलं की गोळी आणि नळीतले आटे यांच्यात थोडी मोकळी जागा उरते. बार उडाला की गोळी आधी ती जागा पार करते, मग आट्यांत शिरते. ही उडी फार लांब असेल तर गोळी किंचित तिरकी शिरण्याची शक्यता वाढते. म्हणून अचूकतेच्या मागे लागलेला नेमबाज गोळी बाहेर ठेवून उडी कमी करतो. पण गोळी आट्यांना टेकली तर चेंबरमधला दाब वाढतो. त्यातून राउंड न झाडता बाहेर काढायची वेळ आली, तर गोळी नळीत अडकून राहू शकते आणि दारू रायफलमध्ये सांडते.

यात गंमत अशी की नळी आणि मॅगझिन वेगवेगळी लांबी मोजतात. नळीला गोळीच्या टोकाशी देणंघेणं नाही. गोळी आट्यांइतकी जाड जिथे होते, तिथपर्यंतची लांबी तिच्या कामाची. मॅगझिनला मात्र बुडापासून टोकापर्यंतची पूर्ण लांबी हवी, कारण टोक पुढच्या भिंतीला घासलं की राउंड वर येत नाही.

आता आपल्या घरचं उदाहरण. थ्री-नॉट-थ्री. तिच्या काडतुसाची लांबी साधारण ७८ मिलिमीटर. बुडाला बाहेर आलेली कड. मॅगझिन भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेपुढे यावी लागते, उलटं झालं की राउंड अडकला. चार्जर आणि मॅगझिन भरणं दोन्ही ज्यांनी उस्तादांच्या शिव्या खात शिकलं, त्यांना हे सांगायला नको. या कडेमुळेच ली-एनफिल्डचं मॅगझिन चौकोनी नाही, तिरकं आहे.

१९१० मध्ये त्या काडतुसाची गोळी बदलली. आधीची गोल नाकाची, २१५ ग्रेनची. नवी मार्क ७ टोकदार, १७४ ग्रेनची, वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. हवा कापायला लांब टोक हवं, पण वजन कमी हवं. म्हणून टोकाच्या आत शिशाऐवजी ॲल्युमिनियम भरलं, पुढे युद्धकाळात लाकडाचा लगदाही. वजन मागे सरकलं आणि लांबी राहिली. टोकदार गोळी नीट चढावी म्हणून मॅगझिनमध्येही फेरफार करावा लागला. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासून चालू आहे, याच जातीची काडतुसं बनली. जुन्या केसच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं दिसली तर ती खडकीची समजावी.

मग आलं १९६२. आपले जवान बोल्ट ओढून एकेक राउंड झाडत होते, समोर आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. युद्धानंतर घाई सुरू झाली. ७.६२ मिलिमीटरची एसएलआर सगळ्यांच्या हाती पोचायला वेळ लागणार होता, आणि दोन प्रकारच्या काडतुसांची रसद सांभाळणं म्हणजे डोकेदुखी. इशापूरच्या रायफल कारखान्याने मधला मार्ग काढला. जुनी ली-एनफिल्डच, पण ७.६२ चं काडतूस झाडणारी. ही रायफल २ए, आणि नंतरची २ए१.

नळी बदलली की झालं, असं ऐकणाऱ्याला वाटेल. तसं नव्हतं. नव्या काडतुसाची लांबी ७१ मिलिमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा सात मिलिमीटर कमी. बुडाला बाहेर आलेली कड नाही. दाब जास्त. त्यामुळे रायफल अधिक मजबूत पोलादाची करावी लागली, केस ओढणारा एक्स्ट्रॅक्टर बदलावा लागला, आणि मॅगझिन नव्याने आखावं लागलं. कड गेली म्हणून तिरकेपणाचं कारण गेलं, आणि मॅगझिन चौकोनी झालं. आजही लांबून पाहून २ए१ ओळखायची खूण तीच. साइटही बदलली. २ए वर जुनी २००० मीटरची होती, २ए१ वर ती ८०० मीटरवर आणली. जवान ज्या अंतरावर खरंच मारा करतो, त्याच्याशी ते प्रामाणिक होतं.

म्हणजे अभियंत्यांनी सुरुवात अचूकतेपासून केली नाही. काडतूस ठरलेलं होतं. त्याभोवती मॅगझिन बसवलं, आणि त्या चौकटीत जेवढी अचूकता मिळेल तेवढी घेतली. लढाईत पहिल्या गोळीइतकीच दुसरी महत्त्वाची. ती वर आलीच नाही, तर ग्रुप किती सुंदर येतो हे विचारायला कुणी उरत नाही.

टेक्सासच्या मुलाला त्याच्याच देशातलं उदाहरण देता येईल. तिकडच्या सर्व्हिस रायफल स्पर्धांत ५.५६ च्या जातीची रायफल चालते. जलद फायरिंगला नेमबाज ७७ ग्रेनची गोळी वापरतात, कारण ती मॅगझिनच्या लांबीत, सुमारे ५७ मिलिमीटरमध्ये, बसते. पण ६०० यार्डांवर सावकाश फायरिंग असतं तेव्हा तेच नेमबाज ८० ग्रेनची लांब गोळी बाहेर ठेवून भरतात आणि एकेक राउंड हाताने चेंबरमध्ये घालतात. रायफल तीच, माणूस तोच. ज्या दिवशी मॅगझिन लागतं त्या दिवशी लांबी मॅगझिन ठरवतं, ज्या दिवशी लागत नाही त्या दिवशी नळी.

दुसरं टोक आपल्या कोल्हापूरकडे आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. या रायफलींना मॅगझिनच नसतं. एक राउंड घाला, झाडा, पुढचा घाला. चेंबर इतकं घट्ट की गोळी आट्यांना टेकूनच बसते. पॉइंट टू-टू चं काडतूस पुन्हा भरता येत नाही, म्हणून लांबीशी खेळ नाही. मग हे नेमबाज काय करतात? कारखान्याचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जो जुळेल तो साठवतात. त्यांना दुसऱ्या गोळीची घाई नसते, आपल्याला असते.

आणि आता याच बेंगळुरूत एसएसएस डिफेन्स ही खासगी कंपनी .३३८ लापुआ मॅग्नमची स्नायपर रायफल बनवते. त्या काडतुसाची कमाल लांबी ९३.५ मिलिमीटर. एवढं लांब काडतूस जुन्या मापाच्या मॅगझिनमध्ये कोंबता येत नाही. लांबी हवी असेल तर बोल्टची चाल, मॅगझिन, सगळी रायफल त्या मापाची करावी लागते. इशापूरने १९६२ नंतर जे आखडत्या मापात केलं, तेच आज वाढत्या मापात होतंय.

सुभेदारसाहेबांमार्फत मुलाला उत्तर पाठवलं ते असं. आधी मॅगझिनची आतली लांबी मोज, थोडी सूट ठेव, आणि ती मर्यादा मान. तेवढ्यात न भागलं तर दारू, गोळीची जात आणि केसची निगा यांत सुधारणा शोध. लांब गोळीचा हट्टच असेल तर राउंड एकेक करून हाताने घाल आणि दाबावर नजर ठेव. नळी झिजली की आटे पुढे सरकतात, तेव्हा हिशोब पुन्हा कर.

२ए१ हाताळलेले जुने सैनिक, होमगार्ड आणि पोलिसातले मित्र वाचत असतील, तर त्या चौकोनी मॅगझिनच्या तुमच्या आठवणी जरूर लिहून ठेवा. त्या रायफलीबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय.

जय हिंद.