पंख्याच्या मोटरीवरील पट्टी

सन १९०२ मध्यें न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत हवेंतील ओलाव्यामुळें कागद कधीं फुगे, कधीं आक्रसे. त्यामुळें रंगावर रंग जुळत नसे. त्यावर विलिस कॅरियर या तरुण अभियंत्यानें योजिलेला उपाय हाच आधुनिक वातानुकूलनाचा प्रारंभ मानतात. जुळणीसाठीं जन्मास आलेलें हें यंत्र आजहि जुळणीचाच आग्रह धरतें. त्याच्या पंख्याची मोटर बदलतांना हें विशेष प्रत्ययास येतें.

घरांतील यंत्राचा बाहेरचा पंखा थांबला, कीं खोलींतून ओढलेली उष्णता बाहेर पडत नाहीं. दाब वाढतो, आणि कॉम्प्रेसरसारखा महाग भाग जळण्याचा संभव उत्पन्न होतो. अशा घाईंत आकारानें सारखी दिसणारी मोटर आणणें धोक्याचें होय. जुन्या मोटरीवरील धातूची पट्टी प्रथम वाचावी. तिच्यावरील आंकड्यांत मोठा इतिहास सांठलेला आहे.

पहिला आंकडा अश्वशक्तीचा. अठराव्या शतकांत जेम्स वॅट यानें आपल्या वाफेच्या यंत्राचें सामर्थ्य गिऱ्हाइकांस कळावें म्हणून तें घोड्याच्या कामाशीं ताडून पाहिलें. त्यांतून निघालेलें माप सुमारें ७४६ वॉट भरतें. नवी मोटर जुन्या मोटरीइतक्याच शक्तीची असावी. कमी शक्तीची लवकर तापते.

दुसरा आंकडा मिनिटांतील फेऱ्यांचा. फिरत्या चुंबकक्षेत्रावर चालणारी मोटर १८८८ सालीं इटलींतील गॅलिलिओ फेरारिस व अमेरिकेंतील निकोला टेस्ला यांनीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, जगापुढें मांडली. तिचा वेग विजेचीं आवर्तनें आणि मोटरीचे ध्रुव यांवर ठरतो. अमेरिकेंत सेकंदास ६० आवर्तनें रूढ झालीं, यूरोपांत व भारतांत ५०. म्हणून सहा ध्रुवांच्या मोटरीचें चुंबकक्षेत्र तेथें मिनिटास १२०० फेरे घेतें, येथें १०००. पंखा त्याहून किंचित् मागें राहतो. हा भेद क्षुल्लक नव्हे. पंख्याचा वेग दीडपट करावयाचा, तर शक्ति तिपटीहून अधिक लागते. सहा ध्रुवांच्या जागीं चार ध्रुवांची मोटर बसविणें म्हणजे तिला जाळून टाकणेंच होय.

घरगुती वीज बहुधा एकाच फेजची असते. तिच्यापासून फिरतें क्षेत्र कपॅसिटरच्या साह्यानें साधतात. त्याच्या मापाच्या मायक्रोफॅरड या नांवांत, १८३१ सालीं विद्युत्प्रवर्तनाचा शोध लावणाऱ्या मायकेल फॅरडेची स्मृति आहे. नव्या मोटरीच्या पट्टीवर लिहिलेल्याच मापाचा नवा कपॅसिटर घ्यावा. वीज तोडल्यावरहि त्यांत भार उरतो. म्हणून हें काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें.

विद्युद्दाब, दांड्याची जाडी व फिरण्याची दिशा याहि गोष्टी पाहाव्या. अर्ध्या इंचाचा दांडा १२.७ मिलिमीटर भरतो. त्यासाठीं घडलेलें पंख्याचें पातें १२ मिलिमीटरच्या दांड्यावर घट्ट बसत नाहीं. दिशा उलटी झाली, तर वाराहि उलटा वाहतो. इन्व्हर्टर जातीच्या यंत्रांत मात्र इतक्यानें भागत नाहीं. तेथें कारखान्यानें नेमून दिलेल्या नमुन्याचीच मोटर लागते.

उन्हापावसानें ही पट्टी पुसट होते. ती वाचतां येते तोंवरच तिच्यावरील मजकूर उतरून ठेवणें शहाणपणाचें ठरेल.